मनूला स्थगितीचे छत्र, बाबासाहेबांना परवानगीची अट

२०२५ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरला एक चौथरा बांधून तयार होता आणि त्यावर बसवायचा पुतळाही घडवून तयार होता. जागा होती मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाचे आवार. पुतळा होता घटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. काही वकिलांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत मुख्य न्यायमूर्तींकडे निवेदन दिले होते आणि काम पुढे सरकले होते. पण पुतळा चौथऱ्यावर चढण्याची वेळ आली तेव्हा वकिलांच्याच संघटनेतून विरोध उभा राहिला. त्या रिकाम्या चौथऱ्यावर तिरंगा नेऊन फडकावण्यात आला. ज्या ध्वजाच्या मधोमध सम्राट अशोकाचे धम्मचक्र आहे, तोच ध्वज बाबासाहेबांची वाट अडवण्यासाठी वापरला गेला. न्यायालयाबाहेर भीम आर्मीच्या कार्यकर्त्यांशी मारामारी झाली, पोलीस बंदोबस्त लागला आणि पुतळा बसवण्याचे काम थांबले.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे आम्ही नीट समजून घेतले. पहिला मुद्दा असा की, इमारत समितीची रीतसर मंजुरी नव्हती. दुसरा असा की, न्यायालय हे कोणा एका समाजाचे नाही, तिथे व्यक्तीचा पुतळा कशाला? आणि तिसरा, जो थोड्याच दिवसांत पहिल्या दोघांना मागे टाकून पुढे आला, तो असा की घटना बाबासाहेबांनी लिहिलीच नाही, ती बेनेगल नरसिंह राव यांनी लिहिली.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. राव हे संविधान सभेचे घटनाविषयक सल्लागार होते, ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांनी पहिला कच्चा मसुदा तयार केला, हे कोणीही लपवलेले नाही. सर्वांत आधी ते स्वतः बाबासाहेबांनीच सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राव यांचे आणि मसुदा लिहिणाऱ्या एस. एन. मुखर्जी यांचे नाव घेऊन श्रेय दिले आहे. आणि मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशात होते, त्यामुळे सगळा भार शेवटी आंबेडकरांवर पडला, हे सभागृहात टी. टी. कृष्णमाचारी यांनी सांगितले होते. ते काही आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते नव्हते. ज्यांना आज अचानक राव यांची आठवण येऊ लागली आहे, त्यांनी इतक्या वर्षांत राव यांच्या पुतळ्यासाठी एखादे निवेदन दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आम्हाला बोलायचे आहे ते पहिल्या दोन मुद्द्यांवर. मंजुरी आणि व्यक्तीचा पुतळा. कारण या दोन्ही कसोट्या लावायच्याच असतील तर त्या ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या जयपूरलाही लावून पाहिल्या पाहिजेत.

राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जोधपूरला आहे आणि खंडपीठ जयपूरला. जयपूरच्या खंडपीठाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा उभा राहिला. राज्यातल्या न्यायिक अधिकाऱ्यांच्या संघटनेने त्यासाठी पुढाकार घेतला आणि न्यायालयाच्या प्रशासनाने परवानगी दिली. म्हणजे ज्यांनी रोज घटनेप्रमाणे न्यायदान करायचे, त्यांच्याच संघटनेला न्यायाचे प्रतीक म्हणून मनू आठवला. देशात घटना लागू होऊन तेव्हा ३९ वर्षे झाली होती.

विरोध झालाच. दलित संघटना, स्त्री संघटना आणि काही वकील यांनी आवाज उठवला. आणि इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, जी आमच्या भाषणांतून बहुधा गळून जाते. त्याच वर्षी जुलै महिन्यात राजस्थान उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आपल्या बैठकीत हा पुतळा हटवण्याचा ठराव केला. होय, खुद्द न्यायमूर्तींनी. पुतळा जाणार हे जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात विश्व हिंदू परिषदेचे नेते आचार्य धर्मेंद्र यांनी याचिका दाखल केली आणि त्याच उच्च न्यायालयाने न्यायमूर्तींच्या ठरावाला अंतरिम स्थगिती दिली.

ती अंतरिम स्थगिती आजवर चालू आहे. मधल्या काळात किती मुख्य न्यायमूर्ती आले आणि गेले, राज्यात किती सरकारे बदलली, त्यात काँग्रेसचीही आली आणि भाजपचीही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण सुनावणीला आले तेव्हा वकिलांच्या एका गटाने कोर्टात इतका गोंधळ घातला की सुनावणी पुढे जाऊ शकली नाही. २०२२ साली आचार्य धर्मेंद्र वारले. याचिका करणारा माणूस राहिला नाही, पण त्याने मिळवलेली स्थगिती टिकून आहे.

आता कायद्याचा साधा विद्यार्थीही सांगेल की अंतरिम आदेश हा निकाल नसतो. तो निकाल लागेपर्यंतची तात्पुरती सोय असते. वादाचा विषय जसा आहे तसा जपून ठेवावा, म्हणजे अंतिम निकाल निरर्थक होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. छत्तीस वर्षे चालणाऱ्या तात्पुरत्या सोयीला काय म्हणायचे? ज्या बाजूला स्थगिती मिळाली तिला खटला जिंकण्याची गरजच उरली नाही. निकाल न लागणे हाच तिचा विजय आहे. आणि हे आमच्या समाजाला नवीन नाही.

वाचकांना महाडची आठवण करून द्यायला हवी. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. लगेच महाडच्या स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला की तळे खाजगी आहे, आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसे महाडला जमली होती, तळे समोर होते. आणि मध्ये होता न्यायालयाचा एक कागद. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखला, सत्याग्रह तहकूब केला. त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, जे जन्माने ब्राह्मण होते. म्हणजे ज्या दिवसांत मनूची स्मृती अग्नीला दिली गेली, त्याच दिवसांत आमच्या माणसांच्या हातापायांत एका मनाईहुकमाची बेडी होती. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवले पाहिजे.

तरी त्या मनाईहुकमाचे आयुष्य किती होते? दोन महिने आणि काही दिवस. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो उठला. पुढे मूळ दावा चालला, जून १९३१ मध्ये स्पृश्यांचा दावा फेटाळला गेला, ठाण्याच्या न्यायालयात अपील झाले, तेही गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचे अपील फेटाळून तळे सर्वांचे असल्यावर शिक्कामोर्तब केले. खालपासून वरपर्यंत सगळ्या पायऱ्या चढून प्रकरण दहा वर्षांत संपले. राज्य परकीय होते, कायदेमंडळात आमची माणसे बोटावर मोजण्याएवढी होती, आणि तरीही निकाल लागला. स्वतंत्र भारतात, आपल्या घटनेखाली, जयपूरच्या याचिकेला एका पायरीवर साडेतीन दशके उलटून गेली.

आता त्या मनूने न्यायालयाविषयी काय सांगितले आहे ते पाहू. लोक मनुस्मृतीविषयी बोलतात तेव्हा स्त्रीने आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात राहावे, शूद्राने सेवा करावी, एवढे सांगून थांबतात. पण तिचा आठवा अध्याय खास न्यायनिवाड्याचा आहे. राजाने सभा कशी भरवावी, साक्षी कोणाच्या घ्याव्यात, दंड कोणाला किती, हे सगळे तिथे आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की विद्या नसलेला, केवळ जन्माने ब्राह्मण असलेला माणूससुद्धा राजाच्या वतीने निवाडा सांगू शकतो, पण शूद्राने तो कदापि सांगू नये. ज्या राजाच्या दरबारी शूद्र न्याय करतो त्याचे राज्य बुडते, असा इशाराही दिला आहे. एकाच गुन्ह्याला वर्णाप्रमाणे वेगळी शिक्षा. ब्राह्मणाला कोणत्याही अपराधासाठी देहांत नाही. शूद्राने वरच्याला कठोर बोलले तर जीभ छाटण्याची शिक्षा.

म्हणजे मनूचा पुतळा शाळेत असता, बागेत असता, एखाद्या मठात असता, तर तो वेगळा प्रश्न होता. तो न्यायालयात आहे. आणि त्या न्यायालयात कोणी बसू नये याविषयी त्याचे मत लेखी नोंदलेले आहे. १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे भूषण गवई यांनी भारताचे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली. त्यांच्याआधी २००७ साली के. जी. बालकृष्णन यांनी ती घेतली होती. मनूच्या हिशेबाने या दोघांच्या शपथेनेच राष्ट्र बुडायला हवे होते. राष्ट्र बुडाले नाही. पण योगायोग पाहा, गवईसाहेबांनी दिल्लीत शपथ घेतली त्याच आठवड्यात ग्वाल्हेरला बाबासाहेबांच्या पुतळ्यावरून रणकंदन चालू होते. आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या क्रमांकाच्या दालनात एका वकिलाने सरन्यायाधीशांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न केला आणि सनातनाचा अपमान सहन करणार नाही अशी घोषणा दिली. खजुराहोच्या एका भग्न विष्णुमूर्तीच्या याचिकेवर सरन्यायाधीश काही बोलले होते, ते निमित्त. मूर्तीविषयी एक वाक्य बोलले म्हणून जोडा उचलला जातो. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची जीभ छाटायला सांगणाऱ्याची मूर्ती मात्र कोर्टाच्या आवारात पहाऱ्यात उभी.

मनूचे समर्थक एक युक्तिवाद नेहमी करतात. तो जगातला आद्य कायदेकर्ता आहे, अमेरिकेतसुद्धा कोर्टावर त्याचा पुतळा आहे, मग तुम्हालाच का खुपतो? हे खरे आहे, आणि ते आम्ही पूर्ण सांगू, कारण पूर्ण सांगितले तर ते त्यांच्याच अंगाशी येते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरजवळ राज्याच्या अपील न्यायालयाची एक संगमरवरी इमारत आहे, एकोणिसावे शतक संपता संपता बांधलेली. तिच्या छताच्या कडेला जगातल्या कायदेकर्त्यांचे पुतळे ओळीने उभे केले. मोझेस, कन्फ्युशियस, सोलोन, लायकर्गस, जस्टिनियन, झरथुष्ट्र, इंग्लंडचा राजा आल्फ्रेड, आणि त्यांच्यात मनू. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला त्या शहरात उतरले तेव्हाही तो तिथे होता. पण तो दहांतला एक होता, शोभेचा, आणि न्यूयॉर्कच्या कोणा माणसाला मनूच्या नावाने पाणवठ्यावरून कधी हाकललेले नव्हते.

आणि त्या दहांपैकी एक पुतळा आज तिथे नाही. तो पैगंबर महंमदांचा होता. पैगंबरांची प्रतिमा करणे इस्लामला मान्य नाही, म्हणून मुस्लिम देशांनी विनंती केली आणि १९५५ साली तो उतरवण्यात आला. इमारत पडली नाही, इतिहास पुसला गेला नाही, न्यायदान थांबले नाही. ज्या समाजाला ती प्रतिमा दुखावत होती त्याने सांगितले आणि प्रशासनाने ऐकले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये याच छतावर काही महिन्यांसाठी एक सोनेरी स्त्री उभी राहिली. पाकिस्तानात जन्मलेल्या शाझिया सिकंदर या कलावतीने ती घडवली, कमळातून उमलणारी, गळ्याला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या गळपट्टीची आठवण देणारी जाळीदार पट्टी. सव्वाशे वर्षे फक्त पुरुष उभे असलेल्या कायदेकर्त्यांच्या त्या ओळीत ती पहिली बाई. तिथल्या सनातन्यांनी तिलाही सैतानी म्हटले, तो भाग वेगळा. तेव्हा अमेरिकेचा दाखला द्यायचा तर अख्खा द्या.

न्यायालयाच्या भिंतींवर काय असावे याबद्दल इंग्रजांच्या काळातले कारागीरही मुक्याने बोलून गेले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाची इमारत १८७८ साली पूर्ण झाली. तिच्या दगडी खांबांवर एक माकड कोरलेले आहे, हातात तराजू, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा. कोणा नाराज ठेकेदाराने सूड उगवला असे सांगतात. खरेखोटे काही असो, त्या माकडाला कोणी पाडले नाही. १९२३ पासून बाबासाहेबांनी याच न्यायालयात वकिली केली. त्यांच्या वेळी एक डोळा कोणासाठी उघडा आणि कोणासाठी झाकलेला होता हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

दिल्लीकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाची इमारत १९५८ ची, वास्तुविशारद गणेश भिकाजी देवळालीकर, आपल्याच मराठी मुलखातले. इमारतीचा आकारच तराजूचा. १९७८ साली हिरवळीवर चिंतामणी कर यांचे काळ्या ब्राँझचे आई आणि मुलाचे शिल्प आले. नंतर गांधीजी आले. बाबासाहेब केव्हा आले? २६ नोव्हेंबर २०२३ ला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते अनावरण झाले. वकिलाचा डगला, गळ्यात बँड, हातात घटना. इमारत उभी राहून ६५ वर्षे झाली होती. ज्या माणसाने ३२ वे कलम हे घटनेचे हृदय आणि आत्मा आहे असे सांगितले, ज्या कलमाच्या जोरावर कोणताही गरीब या न्यायालयाचे दार थेट ठोठावू शकतो, त्याला त्या दारात उभे राहायला ६५ वर्षे लागली, आणि तेही आंबेडकरी वकिलांनी मागणी केल्यानंतर. पुढल्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, न्यायदेवतेचा नवा पुतळा चर्चेत आला. न्यायाधीशांच्या ग्रंथालयातली ही न्यायदेवता साडी नेसलेली आहे, तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि तलवारीच्या जागी डाव्या हातात घटना आहे. वकिलांच्या संघटनेने आम्हाला विचारले नाही म्हणून तक्रार केली. आम्हाला तो बदल आवडला. पट्टी ही समतेची खूण आहे असे म्हणत, पण या देशात जात पाहायला डोळे लागत नाहीत, आडनाव पुरते.

मात्र दिल्लीत एक पुतळा उभा राहिला म्हणून सगळीकडे दारे उघडली असे समजण्यात अर्थ नाही. २६ जानेवारी २०२२ रोजी कर्नाटकातल्या रायचूरला प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनातून बाबासाहेबांची तसबीर हटवायला लावल्याचा आरोप एका जिल्हा न्यायाधीशावर झाला. त्यांनी तो नाकारला. पण लोक लाखोंनी रस्त्यावर आले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने न्यायालयांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत बाबासाहेबांची तसबीर ठेवण्याचे परिपत्रक काढले. तमिळनाडूत उलटे घडले. जुलै २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या परिपत्रकाने सांगितले की न्यायालयांत फक्त गांधीजी आणि तिरुवळ्ळुवर यांच्याच तसबिरी असाव्यात. गदारोळ झाला, राज्याच्या कायदामंत्र्यांनी मुख्य न्यायमूर्तींची भेट घेतली आणि आहे ती तसबीर हटणार नाही असा खुलासा आला. दोन्ही ठिकाणी लोक उठले म्हणून झाले. आपोआप काही झाले नाही.

आमचेच काही मित्र विचारतात की पुतळ्यांच्या मागे किती लागायचे? बाबासाहेबांनी स्वतः विभूतिपूजेविरुद्ध बजावले होते. बरोबर आहे, आणि आमच्यातही वर्गणी काढून कमान उभारली की काम संपले असे मानणारे पुष्कळ आहेत. पण न्यायालयाच्या आवारातला पुतळा हा पूजेचा प्रश्न नाही. तो आत येणाऱ्या माणसाला काहीतरी सांगतो. खेड्यातून एस.टी.ने आलेला, हातात कागदांची पिशवी धरलेला पक्षकार, ज्याला वकिलाची भाषा कळत नाही आणि पुकारा कधी होईल तेही कळत नाही, तो त्या आवारात दिवसभर बसून असतो. त्याला समोर जे दिसते तेच त्याच्यासाठी न्यायालय असते.

अशा पक्षकारांत जयपूरजवळच्या भटेरी गावची भंवरीदेवी होती. सरकारी कार्यक्रमातली साथीन, जातीने कुंभार. बालविवाह थांबवण्याचे तिचे काम गावातल्या बड्यांना खुपले आणि २२ सप्टेंबर १९९२ रोजी तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावेल हे पटत नाही, या धाटणीचा तर्क त्या निकालात होता. देशभरच्या स्त्रिया खवळल्या, आणि त्या लढ्यातून १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, ज्याच्या आधारावर आज कचेऱ्यांत काम करणाऱ्या प्रत्येक बाईला, ब्राह्मण बाईलासुद्धा, संरक्षण मिळते. भंवरीदेवीचे स्वतःचे अपील मात्र त्याच उच्च न्यायालयात धूळ खात पडले, ज्याच्या जयपूरच्या आवारात मनू आहे. मधल्या काळात आरोपींतले काही मरून गेले. पुतळ्याने निकाल लिहिला असे आम्ही म्हणत नाही. पण त्या निकालातला तर्क आणि तो पुतळा एकाच खाणीतला दगड आहेत.

खाण कुठली, हे आकडे सांगतात. २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या न्यायमूर्तींची माहिती केंद्राच्या कायदा खात्याने संसदीय समितीला दिली. त्यांत अनुसूचित जातींचे शेकडा २.८, अनुसूचित जमातींचे १.३, ओबीसींचे ११ च्या आसपास. जवळजवळ ऐंशी टक्के कोणाचे ते सांगायला नको. या न्यायमूर्तींमध्ये चांगली, पुरोगामी माणसे नाहीत असे अजिबात नाही. १९८९ चा पुतळा हटवण्याचा ठराव याच संस्थेने केला होता. प्रश्न असा आहे की ज्याच्या अंगावर घाव नाही त्याला फाइल उघडण्याची घाई नसते.

८ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्रातून, तेव्हाच्या औरंगाबादहून गेलेल्या दोन स्त्रिया जयपूरच्या त्या चौथऱ्यावर चढल्या आणि त्यांनी मनूच्या तोंडाला काळे फासले. त्यांना अटक झाली. ज्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या मातीतल्या बाया होत्या. आम्ही तेव्हाही त्यांना सलाम केला, आजही करतो. रंग पुसला गेला. पुतळ्याच्या रक्षणाला माणसे नेमली गेली. खटला त्या दोघींवर झाला आणि मूळ याचिका होती तिथेच राहिली. काळे फासण्याने जी गोष्ट झाली नाही, ती होण्याची जागा कोर्टाच्या बोर्डावर आहे आणि तिथे आपण फारसे गेलेलो नाही. दर २५ डिसेंबरला आपण मनुस्मृतिदहन दिन, स्त्रीमुक्ती दिन साजरा करतो, भाषणांत जयपूरचा उल्लेख होतो, टाळ्या पडतात. पण त्या याचिकेचा क्रमांक काय, मृत याचिकाकर्त्याच्या जागी कोणी आले आहे का, आपल्या बाजूने कोणाचे वकीलपत्र दाखल आहे, हे त्या व्यासपीठावर कोणी सांगताना आम्ही ऐकलेले नाही.

जयपूरला उच्च न्यायालयाच्या बाहेरच्या चौकाला आंबेडकर सर्कल म्हणतात. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे, १४ एप्रिलला त्याला सगळ्या पक्षांचे हार पडतात. कोर्टाच्या पत्त्यातसुद्धा त्या चौकाचे नाव येते. म्हणजे घटना लिहिणारा रस्त्यावर, ऊनपावसात, गाड्यांच्या धुरात, आणि ज्याची स्मृती त्याने जाळली तो कुंपणाच्या आत. ग्वाल्हेरच्या वकिलांनी इमारत समितीची मंजुरी मागितली, ती मागावीच. पण तोच नियम जयपूरला लावला तर तिथल्या पुतळ्याची परवानगी न्यायमूर्तींनी स्वतःच १९८९ मध्ये काढून घेतली आहे. तो आज उभा आहे तो परवानगीवर नव्हे, एका तात्पुरत्या आदेशावर.

तो आदेश उठवण्यासाठी नवा कायदा लागत नाही, संसदेत बहुमत लागत नाही, मोर्चाही लागत नाही. लवकर सुनावणीचा अर्ज लागतो आणि तो लावून धरणारा वकील लागतो. मुंबई, नागपूर, औरंगाबादच्या खंडपीठांत आज आपले शेकडो वकील उभे राहतात. त्यांतल्या दहाजणांनी राजस्थानातल्या आंबेडकरी वकिलांशी बोलून त्या फाइलीचे कागद मिळवावेत, स्त्री संघटनांना हस्तक्षेपासाठी सोबत घ्यावे आणि अर्ज दाखल करावा. प्रवासाचा, मुक्कामाचा आणि कोर्ट फीचा खर्च यंदाच्या २५ डिसेंबरच्या कार्यक्रमांच्या वर्गणीतून बाजूला काढता येईल, तो एका मंडपाच्या खर्चाएवढाही होणार नाही.